लकव्यानंतर हाताचा घरचा सराव: किती, कसा, आणि मेंदूत नेमकं बदलतं काय?

गणेशपेठ_फिजिओ

नमस्कार मंडळी. प्रश्न मुख्यतः फिजिओ-ओटीवाल्यांना (ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, रोजची कामं पुन्हा शिकवणारी) आहे, पण न्यूरोसायन्समधलं कोणी असेल तर त्यांनीही लिहावं.

नागपुरात लकव्याचे जे पेशंट भरती होतात त्यातले बरेच बाहेरगावचे. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, पलीकडे बालाघाट-छिंदवाडा. आठ-दहा दिवसांत सुट्टी होते, गावी जातात, पुढची भेट महिन्या-दीड महिन्याने. मधला सगळा सराव घरच्यांच्या भरवशावर. सुट्टीच्या वेळचा कागद सगळीकडे जवळपास एकच: मनगट वर-खाली 10 वेळा, मूठ उघड-बंद 10 वेळा, दिवसातून 3 वेळा. परत येतात तेव्हा चालणं सुधारलेलं असतं, हात मात्र पोटाशी धरलेला तसाच.

नमुन्यादाखल एक केस. पुरुष, 58, शेती, उजव्या हाताचा. मेंदूच्या डाव्या बाजूला इस्केमिक स्ट्रोक (रक्तपुरवठा अडल्याने झालेला लकवा), 7 आठवडे झाले. उजवं मनगट 20 अंश वर येतं, बोटं 10 अंश उघडतात, अंगठा थोडा बाहेर जातो. बोललेलं सगळं समजतं. हाताची संवेदना कमी, खांदा जरासा दुखतो. जेवण सध्या डाव्या हाताने.

विचारायचं हे की कागदावर किती आणि काय लिहावं? आणि घरचे विचारतात, ‘आता नवीन नस येईल का?’ त्यांना खरं पण सोपं काय सांगावं?

चेतासंधी

आधी घरच्यांचं. मेलेली पेशी परत येत नाही, आणि मोठ्या माणसाच्या हातापायाच्या हालचाली चालवणाऱ्या भागात तिच्या जागी नवी पेशी उगवत नाही. बदलतात त्या उरलेल्या पेशींच्या एकमेकींशी असलेल्या जोडण्या, म्हणजे सिनॅप्स. जुन्या घट्ट होतात, काही सैल पडतात, काही नव्याने तयार होतात. ‘नवीन नस येणार नाही, पण बाजूची वाचलेली नस हे काम शिकू शकते, शिकवावं लागेल’ इतकं सांगितलं तरी खोटं होत नाही.

आता तुमच्यासाठी थोडं खोलात. ग्लुटामेट नावाचं रसायन एका पेशीतून सुटतं आणि पुढच्या पेशीवरच्या रिसेप्टरांना, म्हणजे ते ओळखणाऱ्या प्रथिनांना, लागतं. त्यातला एनएमडीए रिसेप्टर शिकण्यासाठी महत्त्वाचा. पेशी शांत असते, साधारण उणे 70 मिलिव्होल्टला, तेव्हा त्याच्या तोंडात मॅग्नेशियमचा आयन अडकून बसलेला असतो. ग्लुटामेट आलं तरी दार उघडत नाही. पुढची पेशी स्वतःही त्याच वेळी उत्तेजित असेल तरच मॅग्नेशियम बाहेर पडतो आणि कॅल्शियम आत जातं. बँकेच्या लॉकरसारखं आहे: तुमची किल्ली आणि बँकेची किल्ली, दोन्ही एकाच वेळी लागतात. कॅल्शियम झपाट्याने आणि भरपूर आलं तर कॅमकेटू हे एन्झाइम जागं होतं, एएमपीए रिसेप्टर (ग्लुटामेटचेच, पण नेहमीचा प्रतिसाद देणारे) जास्त संख्येने पृष्ठभागावर येतात, आणि तोच सिनॅप्स पुढच्या वेळी मोठा प्रतिसाद देतो. कॅल्शियम हळूहळू, थोडंथोडं आलं तर उलट होतं, रिसेप्टर काढून घेतले जातात.

सशाच्या मेंदूत ब्लिस आणि लोमो यांनी 1973 साली हे घट्ट होणं तासन् तास टिकलेलं दाखवलं. पण मला इथे 1992 चा डुडेक आणि बेअर यांचा प्रयोग जास्त उपयोगाचा वाटतो. उंदराच्या हिप्पोकॅम्पसच्या (मेंदूतल्या स्मरणाच्या भागाच्या) कापांना त्यांनी दर वेळी विजेचे 900 झटके दिले. सेकंदाला 1 ते 3 या गतीने दिले तर जोडणी सैल झाली, सेकंदाला 50 च्या गतीने दिले तर घट्ट झाली. मोजणी तीच, परिणाम उलटा. हे आकडे हाताच्या व्यायामाला जसेच्या तसे लावू नका, पण नुसत्या संख्येवर भागत नाही हे यातून कळतं.

हालचालींच्या पातळीवरही असंच दिसतं. प्लॉट्झ, मिलिकन आणि नूडो यांनी 2000 साली माकडांना मोठ्या खळग्यातून खाऊचे दाणे उचलायला लावलं. खळगा इतका मोठा की शिकण्यासारखं काही नव्हतंच. हजारो वेळा उचलूनही कॉर्टेक्समधल्या (मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या) हाताच्या नकाशात, म्हणजे कोणती जागा कोणती हालचाल चालवते त्यात, फरक पडला नाही. खळगा लहान करत नेला, बोटांना नवं कसब लागलं, की नकाशा बदलतो. मूठ उघड-बंद 10 वेळा हा मोठा खळगा आहे.

नूडो यांचंच 1996 चं काम तर थेट तुमच्या पेशंटबद्दल आहे. माकडांच्या मेंदूत हाताच्या भागाला छोटी इजा केली. सराव दिला नाही तर इजेच्या शेजारचा, वाचलेला हाताचा भागही आक्रसत गेला. चांगला हात अडवून वाईट हाताकडून बारीक काम करून घेतलं तेव्हा तो भाग टिकला, काही माकडांमध्ये कोपर-खांद्याच्या हद्दीत पसरलासुद्धा. म्हणजे गावी जाऊन नुसतं बसून राहणं हाही एक अनुभवच, आणि मेंदू त्यातूनही शिकून राहिला आहे.

दोन गोष्टी कागदावर हव्यातच. घरच्यांनी हात हलवून देणं वेगळं आणि पेशंटने स्वतः हलवणं वेगळं. सांधे मोकळे ठेवायला पहिलं लागतं, पण त्यात मेंदूकडून हुकूम सुटत नाही, मग दुसरी किल्ली कुठून येणार? पेशंटने आधी प्रयत्न सुरू करायचा, अडलं तिथेच घरच्यांनी बोटभर मदत करायची. आणि पहिल्या आठवड्यात हात थोडा सुधारला म्हणून थांबायचं नाही. उंदरांमध्ये 3 दिवसांच्या सरावाने कसब वाढतं, पण सिनॅप्सची संख्या आणि नकाशा यांतला ठळक बदल 10 दिवसांच्या सरावानंतर दिसतो. क्लाइम यांचं 2004 चं काम आहे.

ओटी_प्रतापनगर

वरचं सगळं मान्य. आता कागदावर काय लिहायचं ते.

तुमचे 10-10 तीन वेळा म्हणजे एका हालचालीचे दिवसाला 30. गंमत अशी की उत्तर अमेरिकेतल्या पुनर्वसन केंद्रांत संशोधक लँग यांनी 2009 साली मोजलं तेव्हा एका सत्रात हाताच्या कामाच्या आवृत्त्या सरासरी 32 भरल्या. प्राण्यांच्या प्रयोगांत हा आकडा काहीशेंच्या घरात असतो. म्हणजे तोकडेपणा फक्त आपल्याकडचा नाही. नीट मांडणी केली तर तासाभरात 300 पर्यंत आवृत्त्या पेशंट करू शकतात, हेही त्याच गटाने नंतर दाखवलं.

तुमची केस बंधनाधारित सरावात (चांगला हात अडवून वाईट हाताकडून काम करून घेणं) बसते. याच सरावाच्या 2006 च्या एक्साइट चाचणीत 222 पेशंट होते, स्ट्रोकनंतर 3 ते 9 महिने झालेले. हात जास्त हलणाऱ्या पेशंटांच्या गटासाठी अट होती मनगट 20 अंश आणि बोटं 10 अंश उघडणं. तुमचा पेशंट अगदी काठावर आहे, 7 आठवड्यांत म्हणजे जरा लवकर, पण तयारी सुरू करायला हरकत नाही.

बसायला पाठ असलेली खुर्ची, तळवे जमिनीवर, टेबल कोपराच्या उंचीचं. खाट नको, खाटेवर धड मागेपुढे झुलतं. वस्तू हाताच्या लांबीच्या आत ठेवा. लांब ठेवली की पेशंट कंबरेतून पुढे वाकतो, कोपर सरळ करतच नाही, आणि मेंदू ते वाकणंच पक्कं करतो. घरच्यांना एवढंच सांगा: पाठ खुर्चीला टेकलेली नसेल तर ती आवृत्ती मोजायची नाही.

प्रत्येक काम 30 सेकंदांच्या 10 फेऱ्यांत. मोबाइलवर टायमर, वहीत दर फेरीचा आकडा. दोन फेऱ्यांमध्ये अर्धा-एक मिनिट विसावा. आकडा सलग दोन-तीन दिवस वाढला की काम एका बाबतीत अवघड करा, एकाच. अंतर वाढवलं तर वस्तू तीच ठेवा, वस्तू लहान केली तर अंतर तेच ठेवा. दोन्ही एकदम बदललं की आकडा कोसळतो, पेशंट चिडतो, आणि कशामुळे कोसळला तेही कळत नाही.

वस्तू निवडताना एक चूक हमखास होते. घरचे सोपं म्हणून संत्रं देतात. बोटं 10 अंश उघडणाऱ्या हाताला संत्रं सोपं नाही, त्याभोवती पंजा पसरावा लागतो आणि नेमकं तेच जमत नसतं. सुरुवात 3-4 सेंटीमीटर जाडीच्या वस्तूने करा: घट्ट गुंडाळलेला रुमाल, लिंबू, लाटण्याचा मधला भाग. ताटातून उचलून 15-20 सेंटीमीटरवरच्या टोपलीत सोडायचं. ‘सोडायचं’ याला अधोरेखित करा. पकड लवकर येते, सोडणं उशिरा येतं, आणि पेशंट हात झटकून वस्तू पाडतो. झटकलेली मोजायची नाही. इथून पुढे दोन वाटा: पंजा उघडण्यासाठी लिंबावरून संत्र्याकडे, चिमटीसाठी लिंबावरून सुपारी, मग काबुली चणा, मग तूर. वर जो लहान होत जाणारा खळगा सांगितला तो घरच्या घरी हाच.

दुपारच्या सत्रात त्याच्या कामातलं काहीतरी घ्या. मापट्याने धान्य ओतणं, दोरीची गाठ सोडणं, कुलपात किल्ली फिरवणं, सदऱ्याची बटणं. पहिल्या आठवड्यात दिवसाला एकूण 100 आवृत्त्या, मग दर आठवड्याला 50 ते 100 वाढवत 300 पर्यंत. सकाळी अर्धा तास, दुपारनंतर अर्धा तास, आठवड्यातून 6 दिवस. हे वाऱ्यावरचं नाही. कॅनडातल्या ग्रास्प कार्यक्रमाची धाटणी हीच, पेशंटने स्वतः करायचा आणि घरच्यांनी लक्ष ठेवायचं. 2009 साली 103 पेशंटांवर 4 आठवडे करून पाहिला, हाताच्या वापरात फरक पडला.

संवेदना कमी आहे म्हणता, तर चूल, तवा, गरम चहाचा कप, विळी या कामांना हात लावू देऊ नका. भाजल्याचं त्याला कळणार नाही.

रेशीमबाग_न्यूरो

चांगली चर्चा चालू आहे. पण ‘जितकं जास्त तितकं चांगलं’ असा अर्थ निघू नये म्हणून लिहितो.

व्हेक्टर्स चाचणी, 2009, 52 पेशंट, स्ट्रोकनंतर लवकरच, दवाखान्यातल्या पुनर्वसनाच्या काळातच सुरू केलेली. एका गटाला रोज 2 तास सराव आणि 6 तास चांगला हात बांधणं, दुसऱ्याला रोज 3 तास सराव आणि जागेपणीच्या 90 टक्के वेळ बांधणं. 90 दिवसांनी जास्त डोसवाला गट मागे पडला. म्हणून भरती असतानाच हात बांधून मोकळे होणाऱ्यांनी थांबावं. लँग यांनीच 2016 साली 6 महिन्यांहून जुन्या 85 पेशंटांवर डोस तपासला: 3200, 6400, 9600 एकूण आवृत्त्या आणि जमेल तितक्या असे चार गट. जास्त आवृत्त्यांनी जास्त फायदा झाला असं दिसलं नाही. त्यामुळे 300 हा आकडा देव्हाऱ्यात बसवू नका. 150 नीट केलेल्या, लक्ष देऊन, अवघडपणा वाढवत केलेल्या मला चालतील.

‘चांगल्या हाताचा व्यायाम करा, त्याने वाईट हातही सुधारेल’ हा सल्लाही सर्रास मिळतो. उंदरांमध्ये उलट दिसलंय. इजेनंतर चांगल्या पंजाला कसब शिकवलं तर वाईट पंजाची सुधारणा मागे पडते. जिवंत असलेल्या जोडण्यांवर दोन हातांची स्पर्धा असते. तुमचा पेशंट डाव्या हाताने जेवून राहिला आहे, दिवसातून तीनदा, भूक लागलेली असताना, प्रत्येक घासाला बक्षीस. याहून पक्कं शिक्षण नाही! पूर्ण जेवण उजव्याने जमणार नाही, पण पहिले पाच घास जाड दांड्याच्या चमच्याने उजव्या हाताने, मग खुशाल डावा.

खांद्याबद्दल. दारावर टांगायची दोरीची पुली ताबडतोब काढायला सांगा. कमजोर खांदा वर ओढला की आतली ऊती चिमटते आणि दुखणं वाढतं. काखेत किंवा दंडाला धरून ओढत उठवणंही तसंच. दुखणारा खांदा असेल तर माणूस हात वापरतच नाही, मग वरच्या सगळ्या तक्त्यांचा उपयोग शून्य.

आणि औषधं बघा. झोपेसाठी किंवा आखडण्यासाठी डायझेपाम चालू असेल तर ते मेंदूतला ब्रेक वाढवतं, पेशंट सुस्त होतो, सरावातलं कमी पक्कं होतं. कागदावर ‘औषध बंद करा’ असं लिहायचं नाही, फिटची औषधं तर मुळीच हलवायची नाहीत. लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारायला सांगा, एवढंच.

गणेशपेठ_फिजिओ

सगळ्यांचे आभार. दोन शंका उरल्या. चांगल्या हातावर मिट (त्याने काही धरता येऊ नये म्हणून घालायचा जाड मोजा) किती वेळ, आणि मे महिन्यात 45 डिग्रीत ते कोण घालणार? दुसरं, ज्यांची बोटं अजिबात हलत नाहीत त्यांच्या कागदावर काय?

ओटी_प्रतापनगर

मूळ पद्धतीत 2 आठवडे, जागेपणीचा 90 टक्के वेळ. घरी ते होत नाही, आणि वरचे आकडे पाहता आग्रहही नको. पेज यांची सौम्य पद्धत आहे: आठवड्यातून 5 दिवस, दिवसाला 5 तास, 10 आठवडे, सोबत आठवड्यातून तीनदा अर्ध्या तासाची थेरपी. मी गावच्या पेशंटला त्याहूनही कमी लिहीन, सकाळी 7 ते 10, उन्हं तापायच्या आत. 3 तास, पण ठरलेले. ‘जमेल तेव्हा’ लिहिलं की जमतच नाही.

विकतचं जाड मिट उन्हाळ्यात विसरा. घामाने बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, दोन दिवसांत काढून फेकतात. सुती पायमोजा उलटा करून हातावर चढवायचा, मनगटाला सैल नाडी. बोटं हलली तरी चिमूट धरता येत नाही, तेवढं पुरतं. दर तासाने काढून हात पुसायचा, लाली आली तर त्या दिवशी बंद. काठीने चालताना, पायऱ्यांवर, न्हाणीघरात आणि बैलाजवळ मोजा नको. तोल गेला तर धरायला एकच हात आहे त्याच्याकडे.

बोटं हलत नसतील तर आरसा. 40 बाय 60 सेंटीमीटरचा साधा आरसा टेबलावर उभा, छातीच्या बरोबर मधोमध, काच चांगल्या हाताकडे. वाईट हात आरशाच्या मागे, दिसता कामा नये. चांगल्या हाताची हालचाल आरशात बघत, मागचा हातही तेच करतोय असा प्रयत्न करायचा. रोज अर्धा तास, दोन तुकड्यांत चालेल. आधी चांगल्या हातातली अंगठी, घड्याळ, बांगड्या, गंडादोरा काढा. बाई असेल आणि बांगड्या काढणं घरात चालत नसेल तर तेवढ्याच, त्याच रंगाच्या दुसऱ्या हातातही असू द्या. आरशातला हात आपला वाटला नाही तर पेशंट नुसता आरसा बघत बसतो. आरशाच्या कडांना चिकटपट्टी लावा, नाहीतर संवेदना नसलेला हात कापतो.

चेतासंधी

आरशाला जोडून: मनातल्या मनात सराव हाही फुकटचा उपाय आहे. पास्कुआल-लिओने यांनी 1995 साली निरोगी लोकांना पाच बोटांची पियानोवरची कसरत रोज 2 तास, 5 दिवस दिली. बोटांचा कॉर्टेक्समधला नकाशा वाढला. एका गटाने बोट न हलवता फक्त कल्पना केली, त्यांचाही नकाशा वाढला, हातातली सफाई मात्र प्रत्यक्ष सराव करणाऱ्यांइतकी आली नाही. पेशंटला ‘डोळे मिटून विचार करा’ असं मोघम सांगू नका. आपल्याच डोळ्यांनी दिसतंय असं धरून, एकच कृती, टप्प्याटप्प्याने: हात पुढे, बोटं उघडली, लिंबाचा गारवा, पकडलं, उचललं. 10 मिनिटं पुरे, त्यापुढे डुलकी लागते.

डुलकीचंही वाईट नाही म्हणा. उंदरांच्या मेंदूत सरावानंतर झोप मिळाली तर चेतापेशींच्या फांद्यांवर नव्या कळ्या (जिथे सिनॅप्स जुळतात ते उंचवटे) जास्त येतात, झोप मोडली तर कमी. दुपारचं सत्र झोपेच्या आधी ठेवा, नंतर नको.

गणेशपेठ_फिजिओ

नवा कागद करतो. प्रगती फोनवरून कशी तपासायची? व्हिडिओ पाठवा म्हटलं तर नेटवर्क नसतं.

ओटी_प्रतापनगर

दवाखान्यात बॉक्स अँड ब्लॉक ही चाचणी करतो, एकेक ठोकळा पलीकडे टाकायचा: 2.5 सेंटीमीटरचे ठोकळे, मधे 15 सेंटीमीटरचा अडसर, 60 सेकंद. घरी दोन पातेली, मधे उभी वीट, आणि सुपाऱ्या किंवा लिंबं. दर रविवारी सकाळी, चहानंतर, एकच फेरी, तीच खुर्ची, त्याच वस्तू. अडसर ओलांडून गेलेल्याच मोजायच्या. सोबत एक प्रश्न: या आठवड्यात उजव्या हाताने, कोणी न सांगता, काय केलं? पोराला फोनवर हे दोनच सांगू द्या. आकडा वाढतोय पण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘काही नाही’ असेल तर आवृत्त्या वाढवू नका, मोज्याचे तास आणि जेवणातले घास वाढवा. दोन रविवार आकडा घसरला तर खांदा, झोप आणि औषधं विचारा. हात-पाय किंवा बोलणं अचानक बिघडलं तर रविवारची वाट पाहायची नाही, सरळ गाडी काढून जवळच्या सीटी स्कॅन असलेल्या दवाखान्यात.